सव्वापट परतफेड

"सहा महिने कशाला? तीन पुरेत! ही पोरगी सानपाड्यात जन्मल्यासारखी वागायला लागली नाही, तर नावाची बायजाबाई नाही!"

सागरदीप सोसायटीच्या बाकावर बसून बायजाबाई गमऱ्यांनी ही गर्जना केली, तेव्हा शेजारी गोजराबाई मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी सोलणं थांबवलं नाही. एक दाणा तोंडात टाकला आणि म्हणाल्या, "बाई, माझा धनाजी चार वर्षं तुमच्या वर्गात होता. आज चाळिशी आली, अजून चपला घालून स्वयंपाकघरात येतो."

"तो बियाण्याचा दोष, मास्तरणीचा नव्हे!"

बायजाबाईंचं सगळं आयुष्य महापालिकेच्या शाळेत गेलं होतं. त्या निवृत्त झाल्या त्या फक्त पगारातून. गुडघ्यांनी राजीनामा दिला होता, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं; आवाज मात्र अजून नोकरीवरच होता. आणि आता तर घरात आयती विद्यार्थिनी येणार होती, तीही थेट नॉर्वेहून!

त्याचं असं झालं. नात अक्षता अकरावीला होती. तिच्या कॉलेजात एका संस्थेची माणसं आली. अदलाबदलीची योजना होती: तिकडची मुलगी इकडे, इकडची तिकडे. आधी तुम्ही परदेशी मुलीला सहा महिने घरात ठेवून घ्यायचं, कॉलेजात पाठवायचं. मग संस्थेचे हरेश सर घरी येऊन 'मुलगी सुखात आहे' असा शेरा देणार. शेरा चांगला आला की जूनमध्ये ती परत आणि अक्षता तिच्या घरी, नॉर्वेला! वाईट आला की जागा दुसऱ्याला. पुढच्या वर्षी अक्षताचं वय नियमात बसत नव्हतं, त्यामुळे संधी होती ती एवढीच.

गमऱ्यांच्या घराण्यात आजवर परदेशी कुणी गेलं नव्हतं. अक्षताचे वडील अभय न्हावा शेव्याला कस्टम एजंटकडे नोकरीला. त्यांच्या सहीने रोज कंटेनरच्या कंटेनर साता समुद्रापार जायचे. ते स्वतः मात्र उरणच्या पुढे गेले नव्हते. म्हणून अक्षताच्या जाण्याकडे सगळं घर डोळे लावून बसलं होतं, आणि सगळ्यांत जास्त बायजाबाई. खेड-चिपळूणकडच्या भावकीत फोनसुद्धा करून झाले होते: "जयभीम! आमची अक्षता नॉर्वेला चालली. नाही नाही, फिरायला नाही, शिकायला!"

इंग्रिड आली. उंची अशी की पंख्याची परवानगी घेऊन चालावं लागे. केस मक्याच्या कणसाच्या शेंडीसारखे. वर्षभर मोबाइलवर मराठीचे धडे गिरवून आली होती, त्यामुळे छोटी छोटी वाक्यं नीट बोलायची. स्वभाव गरीब, खाण्याची कुरकुर नाही, बोंबील बघून तर डोळ्यांत पाणीच आलं तिच्या. एकच गुण भयंकर होता. सांगितलेलं ऐकायची!

बायजाबाईंना आधी हे कळलंच नाही. उभ्या नोकरीत असं मूल त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

रोज चहाच्या वेळेला शिकवणी चाले. उंबऱ्यावर बसायचं नाही. ऐकलं. निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. ऐकलं, इतकं की न्हाणीघरात जातानासुद्धा सगळ्या घराला "येते" सांगून जायची! मग एके दिवशी बायजाबाईंनी तो धडा घेतला, ज्याने पुढे सोसायटीला घाम फोडला.

"आणि हे बघ इंग्रिड, शेजाऱ्याचं भांडं घरात आलं, तर ते रिकामं परत करायचं नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही!"

"मग त्यात काय घालायचं? किती?"

खरं उत्तर सोपं होतं. चिमूटभर साखर, एखादं लिंबू, दोन हिरव्या मिरच्या. सानपाडा नवीन वसलं तेव्हा इथे संध्याकाळी भाजी संपली तर वाशी गाठावी लागे. शेजारणीची वाटी हाच बाजार होता. भांड्यांवर नावं कोरलेली असत, कारण घराघरांतली भांडी एकमेकांकडे माहेरवाशिणींसारखी राहायला जात. त्या वाटीत कुणी मोजून घालत नव्हतं. हल्ली हॉटेलातल्या प्लास्टिकच्या डब्यातून देतात आणि वर म्हणतात, डबा परत नको हं! म्हणजे डबाही फेकायचा आणि शेजारही!

पण नॉर्वेची मुलगी गुडघे जुळवून, डोळे मोठे करून विचारते आहे आणि मास्तरणीने 'चिमूटभर साखर' सांगायचं? शोभतं का ते? बायजाबाईंनी मान ताठ केली.

"आमच्या घरातून, आलेल्याच्या सव्वापट परत जातं! सव्वापट म्हणजे आलेलं सगळं आणि वर त्याचा चौथा हिस्सा. शुभ असतं ते."

आत सून राजश्री कणीक मळत होती. तिला जोराचा ठसका लागला. लग्न झाल्यापासून तिने या घरातून लिंबाखेरीज काही परत गेलेलं पाहिलं नव्हतं, आणि तेही सुकलेलं.

"सव्वापट," इंग्रिड हळूच म्हणाली आणि तिने ते मनात कोरून ठेवलं. भांड्यावर कोरतात तसं!

चौथ्या मजल्यावर खैरुन्निसा राहायच्या. मूळच्या रायगडच्या, खाडीकाठच्या. हाताला चव अशी की त्यांच्या फोडणीचा वास जिन्यातून उतरत तिसऱ्या मजल्यावर गमऱ्यांकडे यायचा आणि घरात जेवून उठलेल्या माणसाला पुन्हा बसवायचा. त्यांनी परदेशी पोरीसाठी सुकटीचं कालवण पाठवलं. सगळ्यांनी बोटं चाटून खाल्लं. राजश्री डबा घासून, लिंबू शोधायला फ्रिजमध्ये वाकली. तेवढ्यात इंग्रिडने घरून आणलेला छोटा वजनकाटा टेबलावर ठेवला.

"काकू, मी कालवण येताच वजन केलं. आता सव्वापट मी करते."

तिने आईने दिलेला तपकिरी चीजचा, गुळाच्या खड्यासारखा दिसणारा चौकोनी तुकडा डब्यात घातला. मग बॅगेतून एक विजेचं यंत्र काढलं, त्यात पीठ ओतलं आणि पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचे, जाळीदार, गोड घावन काढायला लागली. तिकडे त्याला वॅफल म्हणतात. पण वॅफल खैरुन्निसांच्या डब्यात मावेनात! मग तिने ते गमऱ्यांच्या डब्यात भरले आणि दोन्ही डबे वर पोचवून आली.

खरी मेख इथेच होती. आता गमऱ्यांचा डबा खैरुन्निसांकडे होता. आणि त्या काय रिकामा पाठवणार होत्या?

दुसऱ्या दिवशी खैरुन्निसा दारात उभ्या. हातात गमऱ्यांचा डबा, काठोकाठ खिमा. खाली स्वतःचं एक पातेलं, त्यात बिर्याणी.

"बायजाबाय, तुमची पोर गूल देऊन गेली ना, मी चहान टाकला. चहाचा पनीर झाला! आमचे फजलनी एक घोट घेतला न् अजून माज्याशी बोलत नाय! पन ते जालीचे घावन… तोंडान इरगलले! पोरीला सांगा, खैरुन्निसा पन काय कमी नाय!"

इंग्रिडने पातेलं काट्यावर ठेवलं. काटा गप्पच झाला. तिने बाथरूममधला माणसं तोलायचा काटा आणला.

पहिले काही दिवस बायजाबाई हवेत होत्या. बाकावर बसून म्हणायच्या, "शिकवावं लागतं! नुसतं संस्कार संस्कार म्हणून होत नाही." इंग्रिड जिन्यातून डबे घेऊन चढायची-उतरायची, बायका कौतुकाने बघायच्या. गोजराबाईही बघायच्या, त्या मात्र हिशेबाने बघायच्या. त्यांनी एके दिवशी आदल्या दिवसाची दुधीची पातळ भाजी पाठवली. अर्धी भाजी, अर्धं पाणी. संध्याकाळी सव्वापट वजनाचे वॅफल आले. आता दुधी केवढा जड आणि वॅफल केवढं हलकं! ताट भरून डोंगर आला. गोजराबाईंनी तो डोंगर बघितला, वाटीतला दुधी आठवला, आणि त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कलिंगड फोडून पाठवलं. अख्खं!

ही बातमी लिफ्टपेक्षा लवकर वर गेली. सोसायटीत एकाएकी शेजारधर्माला ऊत आला. ज्यांनी गेल्या दिवाळीत शेजाऱ्याला करंजी दाखवलीसुद्धा नव्हती, ते आता परातीतून प्रेम पाठवू लागले. कुणी पाणीदार आमटी, कुणी लाल भोपळा, कुणी पपई. हलकं काही कुणी पाठवेना. कुरमुऱ्याचा लाडू तर इमारतीतून हद्दपारच झाला! सगळ्यांच्या तोंडी एकच: "परदेशी पाहुणी आहे हो, आपली संस्कृती कळायला नको का तिला?" संस्कृती कळायला अडीच किलोचा भोपळा लागतो हे तोवर कुणाला ठाऊक नव्हतं.

गमऱ्यांच्या घरात चूल पेटेनाशी झाली. जेवायला बसलं की पानात सगळ्या मजल्यांच्या आमट्या, एकमेकींशी अजिबात न पटणाऱ्या. वॅफलचं यंत्र सुरू झालं की मिक्सर बंद ठेवावा लागे, दोन्ही लावलं की घरात अंधार. किराणा दुकानदाराने अभयना बाजूला घेऊन विचारलं, "साहेब, मैद्याची बेकरी काढलीत काय? आधी सांगायचं ना, होलसेलने दिला असता!"

एका संध्याकाळी अभयनी बॅग ठेवायला जागा शोधली, ती सापडली नाही. सोफ्यावर परात बसलेली होती.

"आई, हे थांबव. आमच्या पोर्टवर रोज शेकड्यांनी कंटेनर रिकामे परत जातात! कुणाची अब्रू जात नाही!"

"म्हणूनच तुमच्या धंद्यात कुणी कुणाला ओळखत नाही!"

"अगं पण तिला खरं सांग ना. लिंबू चालतं म्हणावं."

"आणि माझं काय राहिलं मग? बाकावर सांगून बसलेय मी! गमऱ्यांच्या घरातून रिकामं भांडं? मी मेल्यावर पाठव!"

अक्षता मध्येच म्हणाली, "आज्जी, ती हल्ली वर्गात झोपते. परवा फिजिक्सच्या बाकावर डोकं ठेवलं ते थेट मधल्या सुट्टीत उठली. केसात पीठ होतं."

बायजाबाईंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पण कॉलेजवाल्यांनी मात्र ते नीट पाहिलं होतं, आणि पुढे कळवलंही होतं. शुक्रवारी हरेश सरांचा फोन आला. आवाज थंड, बर्फाच्या लादीसारखा.

"गमरे बाई, रविवारी भेटीला येतोय. मुलगी वर्गात झोपते, कपड्यांना मैद्याचा वास येतो अशी तक्रार आहे. तुम्ही तिला घरकामाला तर लावत नाही ना? तसं असलं तर मुलगी हलवावी लागेल. आणि तुमच्या नातीचं नाव आपोआप रद्द."

फोन ठेवला तेव्हा अक्षता समोरच उभी होती. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

आता मास्तरणीचं डोकं चालायला लागलं. शनिवारी सकाळी त्यांनी दोन्ही मुलींना खाडीवर फ्लेमिंगो बघायला पिटाळलं. "नीट बघून या. घाई करू नका. सगळे मोजा!" मुली गेल्या तशी त्यांनी घरातली लोकांची सगळी भांडी काढली, प्रत्येकात चिमूटभर साखर टाकली, झाकणं लावली, आणि राजश्रीला घेऊन दारोदार ठेवून आल्या. बेल मात्र एकाही दारावर वाजवली नाही. उघड्यावर दान करतात, हे असं काम चोरूनच करायचं असतं. वॅफलचं यंत्र कपाटात, साड्यांच्या खाली गेलं. स्वयंपाकघर असं चकचकीत झालं की घरात कुणी जेवतं यावर विश्वास बसू नये.

आणि नेमका तो विश्वास बसलाच नाही!

दुपारी दारं उघडली. लोकांनी झाकणं काढली. वॅफल नाहीत! तळाला चार दाणे साखर! तळमजल्यावर गोजराबाई म्हणाल्या, "गमऱ्यांचा मैदा संपला वाटतं." पहिल्या मजल्यावर त्याचं झालं, "गमऱ्यांकडचं धान्य संपलं." दुसऱ्यावर, "अभयची नोकरी गेली म्हणे." आणि चौथ्या मजल्यावर खैरुन्निसांपर्यंत पोचेतो बातमी अशी झाली की गमऱ्यांनी त्या लेकराचं खाणं बंद केलंय, आणि ही चार दाणे साखर म्हणजे पोरीने चोरून पाठवलेला निरोप आहे!

रविवार. हरेश सर पंख्याखाली बसलेले. जाड चष्मा, मांडीवर बॅग, चेहऱ्यावर तपासणी. बायजाबाईंनी ठेवणीतली साडी नेसलेली. इंग्रिड मधोमध. अक्षता दाराला टेकून, नखं खात.

"घरकाम करावं लागतं का हिला?"

"छे हो! उष्टी बशीसुद्धा उचलू देत नाही आम्ही!"

"जेवण?"

"पोटभर!" बायजाबाई म्हणाल्या आणि बेल वाजली.

राजश्रीने दार उघडलं. खैरुन्निसा आत घुसल्या. दोन्ही हातांत भलंमोठं पातेलं, डोळ्यांत पाणी.

"बायजाबाय, तुमच्यावर वेल आली असंल तर आमाला सांगायचा ना वो! पोर का उपाशी ठेवताव? परक्याची लेक हाय! ये गो बाय, जेव आदी!"

हरेश सरांचा चष्मा नाकावरून घसरला. "उपाशी?"

"नाही, नाही! ह्या जरा… गंमत करतात!" बायजाबाई हसल्या. ते हसू अर्ध्यातच विझलं, कारण मागून गोजराबाई आल्या, डोक्यावर कलिंगड. त्यांच्यामागे पहिला मजला, परातीसह. त्यांच्यामागे दुसरा मजला, कुकरसह, शिट्टी अजून निवायची होती. "लाजू नका हो बाई, वेळ सगळ्यांवर येते!" "अभयला दुसरी लागेल नोकरी!" "माझी नोकरी गेली?" अभय आतून ओरडले. टेबल भरलं, सोफा भरला, टीव्हीवर भोपळा बसला. सरांच्या मांडीवरची बॅग काढून तिथे कुणीतरी श्रीखंडाचा डबा ठेवला, "जरा धरा हं," म्हणून.

इंग्रिडने ते सगळं एकदा नजरेखालून घातलं. उठली. साड्यांखालून यंत्र शोधून काढलं, एप्रन बांधला, काटा मांडला.

"सर, माफ करा. मला आता खूप काम आहे."

"म्हणजे कामालाही लावतात!" हरेश सर उभे राहिले, श्रीखंड सावरत पुन्हा बसले. "जेवण नाही आणि वर काम! गमरे बाई, तुम्ही शिक्षिका ना?"

अक्षता पुढे धावली. "इंगू, सांग ना सरांना! प्लीज! तूच सांग!"

इंग्रिडने हातातलं पीठ पुसलं. आणि आपल्या छोट्या छोट्या वाक्यांत सगळं सांगितलं. की आजीने शिकवलं. भांडं रिकामं परत करायचं नाही. या घरातून सव्वापट जातं. ते शुभ असतं. काल कुणीतरी चुकून भांडी तशीच परत नेली, म्हणून तिला फार लाज वाटते आहे. तिच्या गावात शेजारी चार किलोमीटरवर राहतो, आणि त्याचं नाव तिला ठाऊक नाही. इथे तिला सगळ्यांची नावं येतात, भांड्यांसकट.

कुकरने उरलेली शिट्टी दिली.

हरेश सरांनी चष्मा काढून पुसला. मग एक गरम वॅफल उचललं, खाल्लं, आणि पुन्हा चष्मा पुसला. "गमरे बाई… एवढ्या वर्षांत अशी रुजलेली मुलगी मी पाहिली नाही! मला माफ करा. उत्तम! असा शेरा मी आजवर कुणाला दिलेला नाही!"

टाळ्या पडल्या. अक्षताने भिंतीला पाठ टेकून श्वास सोडला. बायजाबाईंची मान हळूहळू पूर्ववत ताठ झाली. इथे हे संपलं असतं तर काय हवं होतं! पण इंग्रिड म्हणाली, "सर, एक अडचण आहे. माझ्याकडे सगळ्यांची भांडी आहेत. परत केली की पुन्हा भरून येतात. ती देऊन झाल्याशिवाय मी जूनमध्ये कशी जाणार?"

"मग राहा की!" सर भारावून म्हणाले. "वर्षभर राहा! उद्या सकाळीच संस्थेला कळवतो!"

"सर," अक्षताचा आवाज चिरला, "आणि मी?"

"तू? अगं बाळ, ही अदलाबदल आहे ना? ती तिकडे पोचली तर तू निघणार! पण बघ ना, तुझ्या आजीने केवढं मोठं काम केलंय!"

आणि सर गेले. जाताना खैरुन्निसांनी त्यांच्या हातात वड्यांचा डबा कोंबला. डबा स्टीलचा होता. बिचारे!

दुपारभर अक्षता खोलीतून बाहेर आली नाही. आली ती नॉर्वेसाठी घेतलेला जाड लोकरी स्वेटर घेऊन. तो तिने आजीच्या मांडीवर ठेवला. "घे. गुडघ्यांना गुंडाळ. तुझं ऑपरेशन सांगितलंय ना? थंडी लागेल."

बायजाबाई त्या स्वेटरकडे बघत राहिल्या. मग उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. इंग्रिड कलिंगडाच्या फोडी तोलत होती.

"इंग्रिड, ते सव्वापट… तसं काही नसतं. मी जरा वाढवून सांगितलं. चिमूटभर साखर पुरते. अगदी काही नसलं तरी चालतं."

इंग्रिडने त्यांच्याकडे फार मायेने पाहिलं. "आजी, तुम्ही मला काम कमी व्हावं म्हणून खोटं बोलता. तुम्ही चांगल्या आहात."

"अगं, खोटं तेव्हा बोलले! आता खरं बोलतेय!"

"मग तुम्ही रिकामं नेऊन द्या. मी बघते. खरं असेल तर सरांना लगेच लिहिते, जूनमध्ये जाते."

म्हणजे हे आलं! बायजाबाईंनी खैरुन्निसांचं ते भलंमोठं पातेलं घेतलं. घासलं. कोरडं केलं. झाकण हातात घेतलं आणि परत ठेवलं. एका बाजूला उभ्या जन्माची अब्रू, दुसऱ्या बाजूला तो स्वेटर. त्या चौथ्या मजल्याकडे निघाल्या, फाशीला निघाल्यासारख्या. मागे इंग्रिड, तिच्यामागे अक्षता. नेमकी त्याच वेळी लिफ्ट उघडली आणि आत गोजराबाई! असायच्याच. सगळ्या मिळून वर गेल्या.

खैरुन्निसांनी दार उघडलं. बायजाबाईंनी पातेलं पुढे केलं. "रिकामं आणलंय," त्या म्हणाल्या. आवाज वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोरासारखा.

खैरुन्निसांनी आत डोकावलं. विश्वास बसेना म्हणून हात घालून तळ चाचपला. मग घराकडे तोंड करून किंचाळल्या, "अवो ऐकताव का! रिकामा आयला! रिकामा!"

आतून फजल धावत आले. "अल्ला, तुजा शुकर! आता घरात जेवान मिलंल!"

"बायजाबाय, काय सांगू तुमाला! मयनाभर माज्या हातचा घरान कुनी खाल्ला नाय, सगला तुमच्याकडं! वाटच बघत होते, तुमी कदी थांबताव. मी कशी आदी थांबू? तुमी मास्तरीन! माजी लाज गेली असती ना!"

"म्हणजे आता कलिंगड नको?" लिफ्टमधून गोजराबाई म्हणाल्या. "सुटले बाई! माझ्या फ्रिजमध्ये वॅफलच वॅफल. धनाजी तर म्हणतो, जाळीची बनियनसुद्धा बघवत नाही!"

इंग्रिड तिथेच उभ्या उभ्या फोनवर टाइप करत होती. "सरांना पाठवलं," ती म्हणाली. अक्षताने तिला अशी मिठी मारली की दोघी भिंतीवर आपटल्या. मग इंग्रिड म्हणाली, "आजी, आता सांगते. मला स्वयंपाक अजिबात आवडत नाही. घरी बाबा करतात."

"अगं मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नाही. तुम्ही सांगितलं."

बायजाबाईंची अब्रू गेली होती, भरदिवसा, सगळ्यांच्या देखत. आणि तिच्या जाण्याचं दुःख त्यांच्याखेरीज इमारतीत कुणालाही नव्हतं! त्या वळल्या. एवढ्यात मागून खैरुन्निसांचा प्रेमळ आवाज आला.

"थांबा ना बायजाबाय! मोकल्या हातान जाताव व्हय? गरम वडे हायेत, ह्याच पातेल्यान घालून देते…"

ज्यांना डॉक्टरने जिना चढू-उतरू नका असं सांगितलं होतं, त्या बायजाबाईंनी दोन्ही पोरींचे हात धरले आणि लिफ्टकडे न बघता जिना गाठला. तिसऱ्या मजल्यावर पोचून त्यांनी दार लोटलं, वरची कडी घातली, खालची कडी घातली, पंखा बंद केला आणि सगळ्यांना तोंडावर बोट ठेवायला लावलं.

बेल वाजली.

अभय, राजश्री, अक्षता, इंग्रिड आणि बायजाबाई, सगळं कुटुंब सोफ्यामागे बसून राहिलं. घरात कुणीच नसल्यासारखं!